पैसे आले, तरी ऑर्डर रद्द: वूकॉमर्सवरचा माझा अनुभव

आमचं गोडा मसाल्याचं ऑनलाइन दुकान वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेस वेबसाइटला दुकान जोडणाऱ्या प्लगइनवर, चालतं. तिथे यूपीआयने पैसे जमा व्हायचे, पण ऑर्डर ‘पेंडिंग’ राहून तासाभराने आपोआप रद्द व्हायची. थीम बदलली, होस्टिंग वाढवलं, उपयोग शून्य. वैतागून प्लॅटफॉर्मच बदलायला निघाले होते.

गिऱ्हाईक यूपीआय ॲपमधून ब्राउझरमध्ये परतलं नाही, तर पैसे मिळाल्याचं दुकानाला कळतच नव्हतं. कारण वेबहुक, म्हणजे पैसे मिळाल्याची सूचना पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून) थेट दुकानाला पाठवणारी सोय, जोडलेला नव्हता. आधी पेमेंट प्लगइनच्या सेटिंगमधून वेबहुकची लिंक कॉपी केली. ती गेटवेच्या डॅशबोर्डवर टाकून यशस्वी पेमेंटची सूचना निवडली. सीक्रेट, म्हणजे सूचना खरी आहे हे पडताळायचा गुप्त शब्द, प्लगइन आणि गेटवे दोन्हीकडे तंतोतंत एकच हवं. माझ्याकडे शेवटी एक स्पेस राहिली होती. मग १० रुपयांची ऑर्डर करून, पैसे भरताच ब्राउझर बंद केला. तरीही ऑर्डर ‘प्रोसेसिंग’ झाली, म्हणजे पैसे मिळाल्याचं दुकानाला कळलं. ‘होल्ड स्टॉक’ची, म्हणजे पैसे न आलेली ऑर्डर रद्द होण्याआधीची, ६० मिनिटं तशीच ठेवली.