नदीपातळीची वेबसाइट चालवायची तर आधी आकड्याचं वय बघा

पावसाळ्यात अशा साइटवर लोक फसतात ते शिळ्या आकड्याने. सेन्सर रात्री दोनला बंद पडतो, सरकारी सर्व्हर मात्र शेवटची नोंद इमानेइतबारे देत राहतो, स्टेटस २०० (म्हणजे 'सगळं ठीक') येतो आणि तुमच्या पानावर नदी सकाळपर्यंत शांत दिसते. म्हणून पातळीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, 'एवढ्या मिनिटांपूर्वीची' हे लिहा. नोंदी दर १५ मिनिटांनी येत असतील तर ४५ मिनिटं उलटली की आकडा राखाडी करा आणि त्याच वेळी तुमचा फोन वाजू द्या. सर्व्हर चालू आहे का, एवढंच बघणारा अलार्म इथे कुचकामी.

वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत साठवा, दाखवताना साडेपाच तास मिळवा. नोंद भविष्यातली दिसली तर हे साडेपाच तास दोनदा मिळवले गेलेत.

आलेली नोंद जशीच्या तशी डेटाबेसच्या एका तक्त्यात ठेवा, साफसफाई दुसऱ्यात करा. या दुसऱ्या तक्त्यात केंद्र आणि वेळ मिळून यूनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेणारी खूण) ठेवली की तीच नोंद दहादा आली तरी बिघडत नाही. एका केंद्राच्या दिवसाला ९६, वर्षाला ३५,०४० ओळी होतात. वीस केंद्रांच्या सात लाख. एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसलाही हे जड नाही. महागड्या क्लाउडच्या नादी लागू नका.

खरी डोकेदुखी सेन्सरची. पुलाखालचा रडार पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो आणि सेन्सरच्या उंचीतून ते वजा करून पातळी निघते. खाली कचऱ्याचा किंवा जलपर्णीचा तराफा अडकला की कागदावर नदी चढते. ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर असेल तर हवेचं तापमान आड येतं: दर अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने बदलतो. दुरुस्ती नसेल तर ५ मीटर अंतरावर १० अंशांच्या फरकाने आठ-नऊ सेंटीमीटरची चूक होते. मधेच येणारा -९९९ म्हणजे बहुधा 'नोंद नाही'. तो आलेखात गेला तर बाकी सगळी रेघ वरच्या कडेला सपाट चिकटते. आलेखातला एकटा सुळका पाच नोंदींच्या मध्यकाने (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याने) जातो, पण 'एवढ्या वेगाने पाणी चढत नाही' असं समजून सलग चढ कापू नका. मिठीसारखी छोटी नदी पाहता पाहता फुगते. संशय असेल तर तसा शिक्का मारा, नोंद मात्र दाखवा.

तासन् तास तोच आकडा येणं उल्हासच्या वरच्या भागात हिवाळ्यात साहजिक आहे. माहीमच्या खाडीजवळच्या मिठीत मात्र दिवसातून दोनदा भरती येते. तिथे सरळ रेघ म्हणजे सेन्सर गेला. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे तिथे 'काल याच वेळी' ही तुलनाही फसवी.

मीटर कुठून मोजले, हे तर विचारलंच पाहिजे. डेटम म्हणजे शून्य धरलेली पातळी. भरतीचा तक्ता सागरी नकाशांच्या चार्ट डेटमवर असतो, मुंबई महापालिकेची आरेखनं शहराच्या टाउन हॉल डेटमवर, केंद्रीय जल आयोगाच्या पातळ्या समुद्रसपाटीपासून. रूपांतर न करता हे एका आलेखात घालू नका. बदलापूरला उल्हासची धोकापातळी १७.५० मीटर आहे. ती खोली नव्हे, हे पानावरच लिहा, नाहीतर वाचणारा साडेसतरा मीटर खोल पाणी समजतो. धोक्याच्या खुणा अधिकृतच वापरा, स्वतःच्या ठरवू नका.

मुसळधार पावसात सगळे एकदम साइट उघडतात. दर १५ मिनिटांनी तयार पान आणि जेसन (आकड्यांची मजकूर) फाइल बनवून सीडीएनवर, म्हणजे प्रती वाटणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावर ठेवा, म्हणजे प्रत्येक वाचकामागे डेटाबेसला हात लावावा लागत नाही. नोंदी देणारा सरकारी सर्व्हर अडला तर १, २, ४, ८ मिनिटं असं थांबत पुन्हा विचारा. त्याच वेळी आपत्ती कक्षालाही तोच सर्व्हर हवा असू शकतो.

मे महिन्यात वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत आणि डिस्कची जागा बघून ठेवा. मग नोंदी आणणारी स्क्रिप्ट मुद्दाम तासभर बंद करा आणि फोन वाजतो का ते पाहा. पानाच्या माथ्यावर मुंबई महापालिकेचा १९१६ हा मदत क्रमांक हवा, तोही साध्या मजकुरात; चित्रात असला तर बोट लावून फोन लागत नाही.