तोर्रेमोलिनोसच्या आठवणी टिपताना साल कसं लावायचं

१९६० आणि ७०च्या दशकात स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे कोस्ता देल सोलवर, तोर्रेमोलिनोससारख्या गावांत राहिलेली परदेशी माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी टिपून घ्यायच्या तर आत्ताच. या कामात सगळ्यात जास्त गडबड होते ती सालात. शेजारणीचं नाव, जिन्याचा रंग, तळलेल्या मासळीचा वास पन्नास वर्षं टिकतो, पण साल भलतंच सांगितलं जातं. म्हणून "कोणत्या साली?" असं विचारूच नका. वस्तू पुढे ठेवा आणि साल वस्तूकडून काढा.

बैठक सकाळची आणि पाऊण तासाची ठेवा, त्यापुढे माणूस थकतो आणि होला हो म्हणू लागतो. फोन एअरप्लेन मोडवर टाकून घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. उघड्या टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज त्यात उतरतो. आधी मोठ्या कागदावर पेन्सिलीने घरापासून समुद्रापर्यंतचा रस्ता काढून घ्या. तोर्रेमोलिनोसमध्ये तो बहुधा काये सान मिगेल या रस्त्यावरून जातो आणि पायऱ्या उतरून बाहोन्दियो किनाऱ्याच्या वाळूवर पोचतो. हात रस्ता काढू लागला की दुकानं आपोआप आठवतात. नावं कानाला लागली तशी लिहा, दुरुस्ती नंतर करता येते.

मग डबा उघडायला सांगा. जुन्या सामानात पेसेताची, म्हणजे स्पेनच्या जुन्या चलनाची, नाणी हमखास निघतात. तेव्हाचा हुकूमशहा फ्रँको याचा चेहरा असलेल्या पाच पेसेताच्या नाण्यावर, म्हणजे दुरोवर, १९५७ छापलेलं दिसतं आणि सगळे तिथेच फसतात. भिंग घेऊन दुसऱ्या बाजूची बारीक चांदणी पाहा. तिच्यात ६८ असेल तर नाणं १९६८ मध्ये पाडलेलं आहे. माणूस त्याआधी परतला असेल, तर ते नाणं त्याच्या मुक्कामातलं नव्हे.

कोडॅक्रोम या रंगीत फिल्मची स्लाइड असेल तर पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना आणि साल उमटलेलं आहे का ते पाहा. ती तारीख फिल्म धुतल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. सुट्टीतला रोल सहा महिने कॅमेऱ्यात पडून राहिलेला असू शकतो. पिक्चर पोस्टकार्डाच्या मागे 'देपोसितो लेगाल'चा, म्हणजे छापील वस्तूच्या सरकारी नोंदीचा, क्रमांक असतो आणि पुष्कळदा त्याच्या शेवटी साल असतं. तेही छपाईचं, आणि एकच कार्ड दुकानात कित्येक वर्षं विकलं जाई. फोटोत गाडी असेल तर नंबरपाटी वाचा: 'एमए' (म्हणजे मालागा) आणि पुढे नुसते आकडे असतील तर नोंदणी १९७१ किंवा त्याआधीची, शेवटी अक्षर असेल तर १९७१ किंवा त्यानंतरची.

सगळ्यात उपयोगी कसोटी जिब्राल्टरची, म्हणजे स्पेनच्या दक्षिण टोकाला असलेल्या ब्रिटिश प्रदेशाची. राहण्याचा परवाना न काढलेले परदेशी मुदत संपत आली की सीमा ओलांडून पासपोर्टवर नवा शिक्का घेऊन येत. पण जून १९६९ मध्ये फ्रँकोने जिब्राल्टरची सीमा बंद केली. डिसेंबर १९८२ मध्ये ती पायी जाणाऱ्यांसाठी आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये पूर्ण खुली झाली. त्यामुळे "१९७३ साली आम्ही गाडीने जिब्राल्टरला चहापावडर आणायला गेलो" हे घडणं शक्य नाही. एक तर साल चुकलंय, नाहीतर ती फेरी आल्हेसिरास बंदरातून बोटीने मोरोक्कोतल्या टँजिअरची होती. इथे माणसाला खोटं पाडू नका. "बोटीत बसला होतात का?" एवढंच विचारा. बोट आठवली की मळमळ आठवते, बंदरावरचा शिपाई आठवतो, आणि आठवण स्वतःच जागेवर येते. पासपोर्ट हाती असेल तर शिक्के क्रमाने उतरवून घ्या, बाकी सगळ्या आठवणींना तोच कणा पुरतो.

ऋतू जेवणावरून आणि वाऱ्यावरून लागतो. ला कारिवेला या तोर्रेमोलिनोसच्या कोळीवाड्यात वाळू भरलेल्या जुन्या होडीत निखारे करून बोरूच्या काडीला ओवलेली सार्डिन भाजत. ती चरबीने भरते मे ते ऑगस्टमध्ये. स्पॅनिशमध्ये ज्या महिन्यांच्या नावात 'र' नाही, ते हेच चार. खिडक्या बंद करायला लावणारा कोरडा, भट्टीसारखा वारा आठवत असेल तर तो तेर्राल, म्हणजे उन्हाळाच.

एका ठिकाणी फार जपून वागा. २४ जून १९७१ च्या रात्री तोर्रेमोलिनोसच्या पासाहे बेगोन्या या गल्लीतल्या बारवर पोलिसांची धाड पडली आणि शंभरावर लोकांना अटक झाली. समलिंगी लोकांना मोकळं बसता येई अशी ती गल्ली होती. या रात्रीबद्दल कोणी बोललं तर दुसऱ्यांची नावं ध्वनिमुद्रणातून काढा, आणि बोलणाऱ्याचं नाव ठेवायचं का ते त्यालाच पुन्हा, दुसऱ्या दिवशी विचारा.

कागदपत्रं शोधायची तर लक्षात ठेवा की १९८८ पर्यंत तोर्रेमोलिनोस मालागा शहराचाच भाग होतं. आधीची पालिकेची दप्तरं मालागात पाहा. घरी आल्यावर फोटो ६०० डीपीआयला आणि स्लाइड निदान ३००० ला स्कॅन करा. प्रत्येक फाइलच्या नावात दोन सालं लिहा: सांगितलेलं आणि वस्तूवरून लागलेलं. सांगितलेलं चुकीचं ठरलं तरी खोडू नका, पुढच्या बैठकीत त्यातूनच नवा प्रश्न निघतो.