पाणकणसाचे पराग औषधात वापरताना या चुका टाळा

चिनी वैद्यकात ‘पू-हुआंग’ नावाची हलकी, पिवळी पूड मिळते. ती म्हणजे पाणकणसाचे पराग. आपल्याकडे तळ्याकाठी नि नाल्यात माजतं, त्याच कुळातली ही वनस्पती.

चूक बहुधा तोडणीपासूनच होते. जाड तपकिरी कणीस लगेच नजरेत भरतं, पण ते मादी फुलांचं. पराग असतात त्याच्या वरच्या बारीक पिवळ्या शेंड्यात. चीनमध्ये उन्हाळ्यात तो शेंडा कापून वाळवतात, चुरतात आणि चाळतात. गावच्या नाल्यातलं कणीस तर आणूच नका. सांडपाण्यातले जड धातू पाणकणीस शोषून घेतं, म्हणूनच ते सांडपाणी शुद्ध करायला लावतात.

खरा घोळ कच्च्या आणि भाजलेल्या परागांत होतो. साकळलेलं रक्त मोकळं करायला, पाळीतल्या पोटदुखीला किंवा मुक्या माराला कच्चे पराग देतात. रक्तस्राव थांबवायला देतात ते भाजून काळपट केलेले. अदलाबदल केली तर वैद्याचा हेतूच उलटतो. मध्यम आचेवर गडद तपकिरी होईपर्यंतच भाजायचं. राख झाली की टाकून द्या. ठिणगी दिसली तर पाण्याचा शिपका मारा आणि पूड पसरून पूर्ण गार होऊ द्या. वरून विझलेली पूड आत धुमसत राहते, घाईने डब्यात भरली तर पेटूही शकते.

काढ्यात पूड सुटी टाकली की ती वर तरंगते आणि काढा गढूळ होतो. फडक्यात पुरचुंडी बांधून उकळा. चिनी औषधकोशातली मात्रा दिवसाला 5 ते 10 ग्रॅम आहे.

पूड पाण्यात टाकल्यावर पाणी लगेच पिवळंधमक झालं, तर रंगाची भेसळ समजा. ऑरामाइन हा कापड रंगवायचा रंग यात सापडलेला आहे.

‘शी-शियाओ-सान’ या चीनमधल्या सोंग राजवटीच्या काळापासूनच्या प्रसिद्ध चूर्णात परागांसोबत उडत्या खारीची वाळलेली विष्ठा असते. नाक मुरडू नका, पण या चूर्णासोबत जिनसेंग ही औषधी मुळी घेऊ नका. चिनी परंपरेत ही विष्ठा आणि जिनसेंग यांची जोडी वर्ज्य आहे.

गरोदरपणात हे पराग टाळावेत, कारण त्यांनी गर्भाशय आकुंचन पावतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा परागांची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. लघवीतून किंवा शौचातून रक्त जात असेल, तर काढा ठेवण्याआधी तपासणी करून घ्या.