परदेशातून पार्सल मागवताय? आधी दारात पडणारा आकडा काढा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. पॅन, सातबारा, परीक्षांचे फॉर्म हे रोजचंच. हल्ली त्यात परदेशी पार्सलवाल्यांची भर पडली आहे. लेन्स मागवलेला फोटोग्राफर, पन्हाळ्याचा घाट सायकलने चढणारी पोरं, उद्यमनगरातले लेथवाले. मोबाइल पुढं करतात आणि विचारतात, "अवो, पैसे तर भरलेत की आधीच. आता ह्ये कसले मागायल्यात?"

ह्याचा कंडका ऑर्डर देण्याआधीच पाडायचा असतो. पहिलं काम म्हणजे साइटवर पैसे भरण्याच्या पानावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचणं. "ड्युटी आणि कर धरून" (ड्युटी म्हणजे आयातीवरचा सरकारी कर) असं असेल तर बहुधा पुढं काही लागत नाही. तसं नसेल तर दिसणारा आकडा फक्त दुकानदाराचा आहे, सरकारचा अजून यायचाय.

सरकारचा आकडा असा निघतो. ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज धरतात. विम्याची रक्कम कागदावर नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरली जाते. वाहतुकीचा खर्च कळत नसेल तर २० टक्के. विमानाने आलेल्या मालाला एक सवलत आहे: भाडं कितीही भरलं असलं तरी किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. पाचशेच्या वस्तूला दीड हजार शिपिंग पडतं तेव्हा हा नियम फार कामाला येतो. डॉलरचा दरही कस्टम्सने जाहीर केलेला चालतो, गूगलवरचा नाही.

आता उदाहरण घ्या. वस्तू १०,००० ची, शिपिंग २,०००, विमा ११२.५०. बेरीज १२,११२.५०. समजा त्या वस्तूला बेसिक ड्युटी १० टक्के आहे, म्हणजे १,२११. त्या ड्युटीवर (वस्तूवर नव्हे) १० टक्के समाजकल्याण अधिभार, १२१. आतापर्यंतची सगळी बेरीज धरून त्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयात मालावर लागणारा जीएसटी), २,४२०. म्हणजे करावरही कर. एकूण साधारण ३,७५२ रुपये. शिवाय कार्डाचा परकीय चलन मार्कअप (परदेशी चलनात पैसे भरल्याचा बँकेचा आकार), बऱ्याच कार्डांना ३.५ टक्के, आणि त्यावर जीएसटी, ते पाचशेच्या घरात जातं. दहा हजारांची वस्तू दारात सोळा हजारांच्या वर पडली. कुरियरची फी अजून धरलेलीच नाही.

दर मात्र माझ्या उदाहरणातले नका घेऊ, आपल्या वस्तूचे बघा. सगळे कर मिळून ४२.०८ टक्के आणि ७७.२८ टक्के लागतात, असे दोन आकडे नेटवर अजून फिरतात. दोन्ही आपापल्या काळात खरे होते: पहिल्यात बेसिक ड्युटी १०, दुसऱ्यात ३५, आणि दोन्हीत आयजीएसटी २८. जीएसटीचा २८ चा टप्पा बहुतेक वस्तूंसाठी २२ सप्टेंबर २०२५ पासून मोडीत निघाला, त्यामुळे दोन्ही आता शिळे. बेसिक ड्युटी तर बजेटागणिक हलते. वस्तूचा एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा ठरलेला क्रमांक) शोधा आणि कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर ड्युटी कॅल्क्युलेटर आहे, त्यात घालून बघा. कुरियरवाले बहुधा वस्तूच्या स्वतःच्या कोडानेच कागद करतात. छापील पुस्तकांचं त्यामुळं बरं पडतं: २०१९ च्या बजेटात त्यांच्यावर ५ टक्के ड्युटी आली, पण जीएसटी शून्य आहे. कुणी पुस्तकांवर १८ टक्के लावलेले दिसले तर पैसे भरण्याआधी फोन करा. पार्सल सोडवून घेतल्यावर दुरुस्ती करून घेणं म्हणजे डोक्याला ताप.

आता "गिफ्ट" ह्या विषयावर. अमेरिकेतला भाचा म्हणतो, "मामा, बॉक्सवर गिफ्ट लिहितो, काय लागत नाही." हे जुनं झालं. १२ डिसेंबर २०१९ पासून गिफ्ट म्हणून ड्युटीमाफी फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. राखी म्हणजे नुसती राखी, सोबतचं घड्याळ नव्हे. पूर्ण ड्युटी भरून गिफ्ट आणता येतं, त्याला कुणाची ना नाही. भाच्याच्या डोक्यात असते ती ८०० डॉलरपर्यंत ड्युटी नसण्याची सवलत, पण ती अमेरिकेत येणाऱ्या मालाची होती, आणि तीही २९ ऑगस्ट २०२५ ला संपली. आपल्याकडे माफी आहे ती एवढीच, की ड्युटीच १०० रुपये किंवा कमी निघत असेल तर ती घेत नाहीत. विक्रेत्याला किंमत कमी लिहायला सांगू नका. अधिकारी तीच साइट उघडून बघतात, मग माल अडकतो आणि दंडही बसू शकतो. त्यापेक्षा ऑर्डरची पावती आणि कार्डाचं स्टेटमेंट पीडीएफ करून ठेवा. मागितलं की लगेच पाठवता येतं.

पोस्ट आणि कुरियर यांत माझा कौल स्वस्त, बिनघाईच्या वस्तूंसाठी पोस्टाला. ट्रॅकिंग नंबर दोन अक्षरं, नऊ अंक, पुन्हा दोन अक्षरं असा असतो. शेवटची दोन अक्षरं पाठवणाऱ्या देशाची. पोस्टाच्या मालावर कस्टम्सचे लोक पोस्टाच्या परदेशी टपाल कार्यालयातच ड्युटी ठरवतात आणि पैसे इथं पार्सल हातात देताना घेतले जातात. पोस्टमन येऊन गेला आणि दार बंद असेल तर चौकशी आपल्या डिलिव्हरीच्या पोस्टात करायची, थेट रमणमळ्याच्या मुख्य पोस्टात धावायचं नाही. कुरियर वेगवान, पण आधी केवायसी मागतो. आधार किंवा पासपोर्ट तयार ठेवा आणि ऑर्डरवर नाव त्याच स्पेलिंगने टाका. "Patil"चं कुणी "Pateel" केलं की दोन दिवस तिथंच. त्यांनी आपल्या वतीने ड्युटी भरल्याची वेगळी फी असते, छोट्या पार्सलला तीच जड जाते.

उद्यमनगरवाल्यांना मी वेगळं सांगतो. वर्कशॉपसाठी मागवलेले इन्सर्ट (लेथवर धातू कापणारी बदलायची टोकं) घरच्या वापराचे होत नाहीत. डीजीएफटीच्या (केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या) साइटवर ५०० रुपये भरून आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड काढा, जीएसटी नोंदणी असलेल्या फर्मच्या नावाने मागवा, मग आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो पुढच्या जीएसटीतून वजा करता येतो. घरच्या वस्तूला आयईसी लागत नाही.

काही गोष्टींच्या नादाला लागूच नका. नातवासाठी ड्रोन नको, अख्ख्या ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. ई-सिगारेटवर २०१९ पासून. बिया आणि रोपं मागवायची तर आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं; गच्चीवरच्या बागेसाठी एवढा खटाटोप कुणी करत नाही.

आणि मेसेज. "तुमचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, या लिंकवर भरा." पार्सल मागवलेलं असलं की हा मेसेज खरा वाटतो, त्यातच माणसं फसतात. लिंक दाबू नका. कुरियरची साइट स्वतः उघडा, आपला ट्रॅकिंग नंबर घाला, तिथं रक्कम दिसली तरच भरा. कस्टम्स कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे मागत नाही. त्यांच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो सीबीआयसीच्या (कस्टम्सच्या वरच्या केंद्रीय मंडळाच्या) साइटवर तपासता येतो. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस "पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत" म्हणाला तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, दुकानात नंतर या.