टचस्क्रीन नियंत्रकाचा ठेका का डळमळतो : या चुका टाळा

टॅबलेटच्या काचेवर बोट टेकले आणि सिंथेसायझर वाजला, एवढ्यावरून नियंत्रकाचे (बोटाचा स्पर्श वाद्याला संदेश म्हणून पाठवणाऱ्या साधनाचे) सॉफ्टवेअर ठीक आहे असे ठरत नाही. बोट टेकल्यापासून आवाज येईपर्यंतचे अंतर दर वेळी तेवढेच राहते का, हे पाहावे लागते. ते अंतर कायम 12 मिलिसेकंद असेल, तर वादकाचा हात त्याला लवकरच सरावतो. चारेक मीटरवरच्या स्पीकरचा आवाजही साधारण तेवढ्याच उशिराने कानावर येतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. तेच अंतर कधी 4, तर कधी 25 मिलिसेकंद असेल, तर मात्र सरासरी कमी असूनही ठेका मोडतो. ठरावीक उशिराला विलंब म्हणतात आणि या मागेपुढे होण्याला जिटर. बहुतेक चुका या दोहोंची गल्लत केल्यामुळे होतात आणि विलंब कमी करण्याच्या नादात जिटर वाढवून ठेवला जातो.

ऑडिओ बफरचे, म्हणजे आवाजाचे नमुने ज्या गठ्ठ्याने तयार होतात त्या गठ्ठ्याचे, उदाहरण घ्या. 44.1 किलोहर्ट्झला (सेकंदाला 44,100 नमुने) 512 नमुन्यांचा बफर 11.6 मिलिसेकंदांचा असतो. त्या काळात आलेले सगळे स्वर जर पुढच्या बफरच्या सुरुवातीलाच वाजवले, तर प्रत्येक स्वर शून्य ते 11.6 मिलिसेकंदांपर्यंत वाटेल तसा सरकतो. यावर अनेक जण बफर 64 नमुन्यांवर आणतात, मग आवाज तडतडू लागतो आणि दोष यंत्राला दिला जातो. योग्य उपाय असा, की स्पर्श कधी झाला याची नोंद, म्हणजे टाइमस्टॅम्प, स्पर्शाबरोबरच घ्यावी आणि स्वर पुढच्या बफरमध्ये त्या नोंदीनुसार नेमक्या नमुन्यावर ठेवावा. विलंब एका बफरचा राहतो, पण तो प्रत्येक स्वराला सारखाच असतो.

टायमरवर भिस्त ठेवणे

नियंत्रकात सिक्वेन्सर (ठरवलेले स्वर क्रमाने वाजवणारा भाग) किंवा क्लॉक (इतर यंत्रांना गती देणारे स्पंद) असेल, तर ही चूक हमखास सापडते. 120 बीपीएमला (मिनिटाला 120 ठोके) सोळांश मात्रा 125 मिलिसेकंदांची असते, म्हणून 125 मिलिसेकंद झोपा, स्वर पाठवा आणि पुन्हा झोपा, असे चक्र लिहिले जाते. प्रत्येक फेरीत केवळ 1 मिलिसेकंद जास्त गेला, तरी चार मिनिटांच्या रचनेतील 1,920 फेऱ्यांमध्ये जवळजवळ दोन सेकंदांची घसरण होते. पुढची वेळ मागच्या स्वरापासून न मोजता सुरुवातीच्या क्षणापासून मोजली, तर ही चूक साचत नाही. मिडी (वाद्यांमधील संदेशांची प्रमाणपद्धती) क्लॉकमध्ये हाच दोष आकडा पूर्णांकात आणल्यामुळे शिरतो: चतुर्थांश मात्रेला 24 स्पंद या हिशेबाने 120 बीपीएमला दोन स्पंदांमध्ये 20.83 मिलिसेकंदांचे अंतर हवे. त्याचे 21 केले की गती 119.05 वर येते.

वेळ मोजायला भिंतीवरच्या घड्याळासारखी, तारीख दाखवणारी प्रणालीची वेळ वापरू नये. नेटवर्कवरून ती दुरुस्त होते आणि त्या क्षणी पुढे किंवा मागे उडी मारू शकते. फक्त पुढेच सरकणारे मोनोटोनिक घड्याळ प्रत्येक प्रणालीत उपलब्ध असते.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या नियंत्रकांना आणखी जपावे लागते, कारण सेट-टाइमआउट (ब्राउझरचा टायमर) एकात एक गुंफला की त्याचे किमान अंतर 4 मिलिसेकंदांवर अडते आणि टॅब मागे गेला की ते एका सेकंदापर्यंत लांबू शकते. तेथे टायमरला फक्त जागे करण्याचे काम द्यावे: तो दर 25 मिलिसेकंदांनी उठून पुढच्या 100 मिलिसेकंदांतील स्वर वेब ऑडिओच्या, म्हणजे ब्राउझरच्या ध्वनियंत्रणेच्या, घड्याळावर आधीच नोंदवून ठेवील. गती बदलल्याचा परिणाम मग किंचित उशिरा दिसतो, ही किंमत परवडते. अर्थात ही सोय पूर्वनियोजित स्वरांपुरतीच आहे. बोट केव्हा टेकेल हे आधी कोणाला कळणार?

काचेवरच हरवणारा वेळ

60 हर्ट्झने स्पर्श वाचणारा पडदा 16.7 मिलिसेकंदांतून एकदा पाहतो आणि 120 हर्ट्झचा 8.3 मिलिसेकंदांतून एकदा. एवढी अनिश्चितता काचेतच असते, कोड कितीही चांगला लिहिला तरी ती जात नाही. मात्र तीत भर घालणे टाळता येते. सर्वांत लाजिरवाणी चूक म्हणजे तयार बटणाच्या क्लिकवर स्वर बांधणे. क्लिक बोट उचलल्यावर होतो, त्यामुळे वादक जितका वेळ बोट टेकवून ठेवील, तितका स्वर उशिरा निघतो. पॅड स्क्रोल होणाऱ्या चौकटीत ठेवले, तर हा स्पर्श आहे की सरकवणे, हे ठरेपर्यंत प्रणाली थांबते. स्वर बोट टेकल्याच्या घटनेवरच निघाला पाहिजे.

स्पर्श हाताळणारा आणि चित्र रेखाटणारा थ्रेड (एकामागून एक चालणाऱ्या कामांची साखळी) बहुधा एकच असतो. पडद्यावर नाचणारे मीटर आणि लाटांचे आलेख यांनी एक फ्रेम (पडद्यावरच्या एका चित्राचा वेळ) खाल्ली, की त्यामागचा स्पर्श ताटकळतो. म्हणून आधी संदेश पाठवावा, मग बटणाचा रंग बदलावा. अँड्रॉइड बोटाच्या हालचालीचे मधले नमुने गठ्ठ्याने देते, आयओएसही ते कोअलेस्ड टचेसच्या रूपात एकत्र देते. प्रत्येक नमुन्याबरोबर त्याची वेळ असते, ती टाकून देऊन 'आत्ता' असा शिक्का मारणे म्हणजे हातातली माहिती फेकणे होय.

बिनतारी वाट

ठेका बहुतेक वेळ ठीक चालतो आणि मध्येच पाच-सहा स्वर एकदम कोसळतात, असे लक्षण दिसले, तर आधी वायफाय तपासावे. वीज वाचवण्यासाठी टॅबलेटचा रेडिओ झोपतो आणि राउटर त्याच्यासाठीची पॅकेट पुढच्या बीकनपर्यंत (राउटर ठरावीक अंतराने देत असलेल्या खुणेपर्यंत) धरून ठेवू शकतो. बीकनांमधले नेहमीचे अंतर 102.4 मिलिसेकंद असते. ब्रॉडकास्ट (एकदम सर्वांना जाणाऱ्या) पत्त्यावर संदेश पाठवण्याची सवय तर सोडूनच द्यावी, कारण एक जरी उपकरण झोपलेले असेल, तरी राउटर असे संदेश सर्वांसाठीच रोखून धरतो. थेट पत्ता, 5 गिगाहर्ट्झचा पट्टा, फक्त संगीतासाठी ठेवलेला राउटर आणि अँड्रॉइड 10 पासून मिळणारे कमी विलंबाचे वायफाय लॉक यांचा उपयोग होतो, पण केबलची सर कशालाच येत नाही.

नेटवर्कवर पाठवण्याच्या दोन पद्धतींपैकी टीसीपीमध्ये एक पॅकेट हरवले, की मागची सगळी त्याच्यासाठी थांबतात, म्हणून फेडरसाठी (सरकपट्टीसाठी) असे न थांबणारी यूडीपी योग्य. तेथे नोट-ऑफ, म्हणजे स्वर थांबवण्याचा संदेश, हरवला, तर स्वर अडकून वाजत राहतो. 2011 च्या आरएफसी 6295 या इंटरनेट मानक-दस्तऐवजातील आरटीपी-मिडी, म्हणजे नेटवर्कवरून मिडी पाठवण्याची पद्धत, ही अडचण मागील घटनांची नोंद सोबत पाठवून सोडवते.

ब्लूटूथ लो एनर्जीवरच्या मिडीत जोडणीचे अंतर (दोन देवाणघेवाणींमधला वेळ) किमान 7.5 मिलिसेकंद असते आणि व्यवहारात अनेकदा जास्त. या अडचणीची जाणीव ठेवूनच प्रत्येक संदेशाला 13 बिटांची मिलिसेकंदातील वेळ जोडलेली असते, जी 8,192 मिलिसेकंदांनी पुन्हा शून्यावर येते. घेणाऱ्या बाजूने ती वाचून थोडा ठरावीक विलंब ठेवून वाजवले, तर ठेका सावरतो. ओपन साउंड कंट्रोल या दुसऱ्या संदेशपद्धतीतील टाइमटॅगचेही (संदेशासोबत लिहिलेल्या वेळेचेही) तसेच आहे: पाठवणारा तो काळजीपूर्वक लिहितो आणि घेणारा न वाचताच वाजवतो. तेव्हा दुसऱ्या टोकाचे सॉफ्टवेअर टाइमटॅग पाळते का, हे तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

फेडरांची गर्दी

पाच पिनांच्या मिडी केबलचा वेग सेकंदाला 31,250 बिट, म्हणजे तीन बाइटांच्या संदेशाला 0.96 मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला सुमारे 1,040 संदेश मावतात. 120 हर्ट्झच्या पडद्यावर पाच बोटे प्रत्येकी दोन अक्षांवर फिरू लागली, की सेकंदाला 1,200 संदेश तयार होतात. रांग वाढत जाते आणि ड्रमचा स्वर त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. फेडरचे न पाठवलेले जुने मूल्य नव्याने पुसावे, स्वरांना रांगेत पुढे घ्यावे, पण नोट-ऑफ कधीही गाळू नये.

कानावर आणि सरासरीवर विश्वास

मोजण्याची एक सोपी रीत आहे. एका मार्गिकेवर मायक्रोफोनने नखाचा काचेवरचा टकटक आवाज आणि दुसरीवर सिंथेसायझरचा आवाज रेकॉर्ड करावा, निदान दोनशे ठोके घ्यावेत आणि प्रत्येक जोडीतले अंतर मोजावे. सरासरीपेक्षा मध्यक आणि सर्वांत वाईट ठोका यांच्यातली दरी पाहावी. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा मोजावे: आधी केबल, मग पडद्यावरचे मीटर बंद, मग बफर. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर सुधारणा कशामुळे झाली हे कधीच उमगत नाही.

ही मोजणी निर्दोष निघाली, तरी तासाभराच्या कार्यक्रमात दोन उपकरणे हळूहळू दूर जाताना दिसली, तर तो जिटर नसून क्रिस्टलांतला, म्हणजे यंत्रांची घड्याळे चालवणाऱ्या स्फटिकांतला, फरक असतो. दशलक्षात 50 इतक्या तफावतीने मिनिटाला 3 मिलिसेकंद जमतात. अशा वेळी एकाच यंत्राला घड्याळ मानून इतरांनी त्याच्यामागे चालावे किंवा सर्वांनी एबलटन लिंकसारख्या व्यवस्थेने गती आणि मात्रेची जागा आपसांत सतत जुळवत राहावी. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवले, तर यंत्रे एकमेकांना उलटसुलट दुरुस्त करू लागतात.