जिन्याच्या तोंडाशी तुंबलेली माणसं: ज्युपेडसिमचा माझा अनुभव

लोकलच्या फलाटाचं मॉडेल ज्युपेडसिममध्ये चालवत होतो. गर्दीतली माणसं कशी चालतील ते संगणकावर चालवून बघायची, जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्राची ही मोफत पायथन लायब्ररी. गाडी रिकामी झाली की माणसं जिन्यापर्यंत नीट यायची आणि तिथेच घोळका करून एकमेकांना रेटत बसायची. वर कोणी चढेचना.

आधी चालण्याचा वेग तपासला: सेकंदाला 1.34 मीटर, वाइडमन या संशोधकाचा सर्वमान्य आकडा. टाइमस्टेप, म्हणजे मॉडेल दर वेळी जेवढं पुढे सरकतं तो काळ, 0.01 सेकंद. दोन्ही ठीक. मग प्रत्येकाची वाट चित्रात काढली तेव्हा उलगडा झाला. जिन्यापाशी जो वेपॉइंट, म्हणजे वाटेतला गाठायचा टप्पा होता, तो गाठला असं धरायचं अंतर होतं 0.2 मीटर. म्हणजे प्रत्येकाने त्या एका ठिपक्याला शिवायचं, मगच पुढे, खो-खोच्या खांबासारखं. ते अंतर जिन्याच्या निम्म्या रुंदीएवढं केलं आणि गर्दी वाहू लागली.

दुसरा जिना मात्र ओसच. जिकडे कमी माणसं निघालीत तिकडे पुढच्याला पाठवायची सोय यात आहे. ती लावली आणि काढून टाकली. मुंबईकर इतका समजूतदार कुठला? पुलासमोर थांबणारा डबा तो चढतानाच हेरतो. म्हणून आता त्या डब्यांतच जास्त माणसं उतरवतो.