कोकणात राहून दिव्यांग हक्कांची आंतरराष्ट्रीय वकिली कशी करावी

‘अशिलाची तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातील दिव्यांग हक्क समितीकडे नेता येईल का?’ असा प्रश्न या क्षेत्रात येऊ पाहणारा जवळजवळ प्रत्येक नवा वकील विचारतो, आणि भारतातील वकिलापुरते त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला अनुसमर्थन दिले. परंतु वैयक्तिक तक्रारीची वाट ज्या ऐच्छिक प्रोटोकॉलमुळे खुली होते, त्यात भारत सामील झालेला नाही. त्यामुळे आपल्याकडे हे काम मुख्यतः दोन मार्गांनी चालते. एक म्हणजे कराराच्या तरतुदी भारतीय न्यायालयांत वापरणे, आणि दुसरा म्हणजे कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या १८ तज्ज्ञांच्या समितीपुढे प्रत्यक्ष परिस्थिती पुराव्यासह मांडणे. हा पुरावा तालुक्याच्या गावीच गोळा करावा लागतो.

पात्रतेविषयी फार सांगण्यासारखे नाही. बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा, एवढेच लागते. आयर्लंडमधील गॉलवे विद्यापीठात आंतरराष्ट्रीय व तुलनात्मक दिव्यांगत्व कायद्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे; मात्र चार-पाच वर्षे न्यायालयात उभे राहिल्यानंतरच तिकडे जावे, असे माझे मत आहे.

सुरुवातीच्या काळात चरितार्थासाठी मोटार अपघात दाव्यांची कामे घ्यावीत. मुंबई-गोवा महामार्गामुळे ती मिळत राहतात आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र कसे वाचावे, टक्केवारीमागे डॉक्टरांनी काय तपासले, हे त्यांतून शिकायला मिळते. सावध मात्र राहावे. अपघात दाव्यात आपण माणसाचे किती नुकसान झाले ते सांगत असतो, तर हक्कांच्या प्रकरणात समाजाने त्याच्या वाटेत कोणते अडथळे उभे केले ते सांगायचे असते. पहिल्या कामाची भाषा दुसऱ्यात शिरली, की याचिका केविलवाणी होते.

याचिका लिहिताना आधी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम, नंतर कराराचा अनुच्छेद आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा, असा क्रम ठेवावा. हा अधिनियम करार अमलात आणण्यासाठीच केल्याचे त्याच्या प्रास्ताविकेत म्हटले असल्यामुळे कराराचा आधार घेणे उपरे ठरत नाही. परीक्षेत लेखनिक मिळण्याच्या हक्काबाबत विकास कुमार प्रकरण (२०२१) आणि सुगम्यतेबाबत, म्हणजे इमारती व सेवा दिव्यांगांना वापरता येण्याबाबत, राजीव रतुरी प्रकरण (२०२४) पूर्ण वाचावे. दुसऱ्या निवाड्यात न्यायालयाने या अधिनियमाखालील २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला, कारण सुगम्यतेचे निकष बंधनकारक असावेत असे अधिनियमाला अपेक्षित असताना नियमाने त्यांना केवळ शिफारशीचे रूप दिले होते. ज्या इमारतीत माझ्या अशिलाला चौघांनी खुर्चीसकट पहिल्या मजल्यावर उचलून न्यावे लागले, ती इमारत न्यायालयाचीच होती, हे येथे नमूद करतो.

सर्वांत अवघड कामे पालकत्वाची असतात. हापूसच्या बागेचा सातबारा सामायिक असतो, एका भावाला बौद्धिक दिव्यांगत्व असते, आणि खरेदीखतावर त्याच्या वतीने सही करता यावी म्हणून बाकीचे भाऊ पालक नेमून घ्यायला येतात. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील स्थानिक स्तर समिती अशी नेमणूक करू शकते. २०१६ च्या अधिनियमाचे कलम १४ मर्यादित पालकत्वाची तरतूद करते. पण कराराचा अनुच्छेद १२ आणि त्यावरील समितीचे २०१४ चे भाष्य यांचा रोख दुसऱ्याने निर्णय घेण्याऐवजी त्या व्यक्तीलाच निर्णयासाठी साहाय्य देण्यावर आहे. म्हणून वकालतनाम्यावर सही घेण्याआधी आपला अशील नेमका कोण, हे ठरवावे. त्या भावाशी, इतर नातेवाइकांना बाहेर बसवून, त्याच्या वेगाने आणि लागल्यास चित्रांच्या किंवा खुणांच्या साहाय्याने बोलावे; बाग विकावी असे त्याला वाटते का, हे त्यालाच विचारावे. घरचे नाराज होतात, कधी काम हातचे जाते.

कोकणापुरता आणखी एक विषय मोलाचा आहे, तो आपत्तीचा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आणि जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराने आपत्तीत दिव्यांग व्यक्तींच्या संरक्षणाविषयीचा कराराचा अनुच्छेद ११ येथे किती निकडीचा आहे ते दाखवून दिले. अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवणे आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवणे आवश्यक आहे. ही नोंद आहे का, ती शेवटची कधी अद्ययावत केली, आणि कर्णबधिर व्यक्तींना इशारा कोणत्या मार्गाने दिला जातो, हे माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारावे. तीस दिवसांत आलेले उत्तर, किंवा न आलेले उत्तर, जपून ठेवावे.

त्या कागदांवर प्रथम दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करावी. त्यांच्या शिफारशीवर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी किंवा नकाराची कारणे द्यावीत, असे कलम ८१ सांगते. त्यानेही भागले नाही तर उच्च न्यायालयात जावे. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी व सिंधुदुर्गसाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाल्याने मुंबईची खेप वाचली आहे. रायगडकरांना मात्र मुंबईच गाठावी लागते.

हीच कागदपत्रे जिनिव्हाला उपयोगी पडतात. भारताच्या पहिल्या अहवालाची तपासणी समितीने २०१९ मध्ये केली, आणि अशा तपासणीच्या वेळी नागरी संघटनांचे समांतर अहवाल समिती विचारात घेते. एकट्या वकिलाने तो पाठवण्यापेक्षा दिव्यांग व्यक्तींनीच चालवलेल्या संघटनेबरोबर तयार करावा आणि मसुद्यावर शेवटचा शब्द त्यांचा ठेवावा. अहवालात प्रत्येक घटनेची तारीख, अर्ज कोणाकडे केला आणि काय उत्तर आले, एवढे द्यावे, विशेषणे टाळावीत. मूळ मराठी कागदाचा इंग्रजी अनुवाद जोडावा, आणि सरकारला कोणते दोन प्रश्न विचारले जावेत, ते प्रत्येकी एका वाक्यात लिहून द्यावे.